घटावरचा उजेड

न्हाई न्हाई भाऊ, ते जांभळं नको. बंद करा आधी, बाहेर रस्त्यावर उजेड पडायलाय. मला माहीत हाय, लाल चार एलईडी अन् निळी एक, रोपाला तेच मानवतं — व्हिडिओ बघितलेत ना मी, रोज बघायले, भांडी घासताना मोबाईल नळाच्या मागं उभा करून. पण ते लावलं की घर वरातीतल्या डीजेच्या गाडीवानी दिसतं. आमच्यात तसलं न्हाई चालत. पांढऱ्यातलं दाखवा. पांढऱ्यात पण ट्यूबलाईटसारखं गार न्हाई — ते पिवळट असतं ना, वॉर्म म्हणतात, ते. कसं सांगू — समईच्या शेजारी लावलं तर समईचाच उजेड वाटला पाहिजे. बस, असं. — कशाला म्हणजे? रोपाला. मिरचीची रोपं करायचीत घरात. समई कामून म्हणले? आली तोंडात, म्हणले.

ह्या एक वॅटच्या बऱ्या हायेत. तीन वॅटच्या नको, त्या तापतात अन् मला ताप नको. मागं ॲल्युमिनियमची पट्टी पाहिजेच ना? अन् ताप ओढायची ती पांढरी पेस्ट? द्या, सगळं द्या, त्यात कंजूषी न्हाई करायची, तिथं लाकूड हाय, वास सुटला करपल्याचा तर मेलेच मी. पंखा? बिलकूल नको. पंख्याचा आवाज येतो. आमच्या अत्याबाईचे — सासूबाईचे हो — गुडघे गेलेत, कान न्हाई गेले. परसात मांजर चाललं तरी विचारतात कोण हाय म्हणून. पट्टीला करंट पुरवायचा तो ड्रायव्हर पण बिनआवाजाचा बघा, काही काही गुणगुणतात म्हणे. अन् दमाचा बघा. आमच्या वालूरची लाईट तुमच्या मानवतसारखी न्हाई, कधी पंखा फिरत न्हाई तर कधी बल्ब फुटतोय. इन्व्हर्टर हाय, पण तो टीव्हीला हाय. — किती दिवस टिकायला पाहिजे? तुमी लय वर्षांचं सांगायलेत भाऊ, मला नऊ दिवस टिकला तरी बास.

...हो. नऊच.

हसू नका. आलं ना ध्यानात? तुमच्याही घरी बसतच असंल की घट. आता पितृपाठ चालू हाय, आमच्या घरात ह्या दिवसात सुई इकत आणत न्हाईत, अन् मी इथं ड्रायव्हर घ्यायले. वडलांचं पितर होतं आज, म्हणून इथं माहेरी सोडलं मला. आमचे हे — महारुद्र त्यांचं नाव — मोंढ्यात गेलेत सोयाबीनचा भाव बघायला. येता येता इथूनच घेऊन जातील मला. तोवर होईल ना आपलं? ते आले तर मी मोबाईलचं चार्जर बघायले, बरं का.

आता झाकून काय उपयोग. आमच्या घरी सून घटी बसती. म्हणजे नऊ दिवस उंबरा ओलांडायचा न्हाई. देवघरातच. चप्पल न्हाई, गादी न्हाई, कुणाच्या हातचं न्हाई. अखंड दिवा जपायचा, सकाळी घटाला पाणी शिंपडायचं, रोज एक माळ चढवायची. आधी अत्याबाई बसायच्या. त्यांचा घट म्हणजे — गावातल्या बाया बघायला यायच्या हो. वीतभर गहू, पिवळाधम्मक, रेशमासारखा. दसऱ्याला टोपीत तुरे खोवले की लांबून ओळखू यायचं हे आमच्या घरचे म्हणून. गुडघ्यांनी बसवंना तसं माझ्याकडं आलं. दोन वर्षं बसले. दोन्ही वर्षं घट बुटका. चार बोटं. दसऱ्याला ह्यांनी टोपीत खोवला तर दिसंना, दीर म्हणले, काय रे, लसणाची पात खोवली का.

तेवढंच असतं तर मी इथं आले नसते. लसणाची पात तर लसणाची पात. पण माझं शिक्षण झालंय भाऊ, रक्त-लघवी तपासायचं, डीएमएलटी. लग्नाच्या आधी परभणीत सुमंगला मॅडमच्या लॅबमध्ये होते मी. त्या अजून बोलवायल्या. लहान मुलाची शीर सापडत न्हाई कुणाला, ती मला सापडती, खोटं न्हाई सांगत. वालूरहून परभणीला सकाळची गाडी हाय, संध्याकाळची हाय, जाऊन येऊन करता येतं. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात आईला विचार. अत्याबाईला विचारलं तर त्या म्हणतात, "देवीला विचारू. घट सांगंल." आता देवीपुढं काय बोलता? सासू न्हाई म्हणली तर रुसता येतं, माहेरी जाऊन बसता येतं. देवी न्हाई म्हणली तर कुठं जाता? पहिल्या वर्षी बुटका आला, अत्याबाई म्हणल्या, यंदा न्हाई. दुसऱ्या वर्षी तसंच. ह्या वर्षी मॅडमचा फोन आला, राजेश्री, दसऱ्यापर्यंत थांबते, पुढं दुसरी बघते. बरोबर हाय की त्यांचं. त्यांनी किती थांबायचं.

अन् अत्याबाई वाईट न्हाईत हो. तसं समजू नका. बुटका आला तेव्हा माझ्याआधी त्या रडल्या. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणल्या, "बाई गं, माझ्या हातात असतं तर पाठवलं असतं." खरंच वाटतं त्यांना तसं. मग भांडायचं कुणाशी?

म्हणून हे. देवघर अंधारं हाय, म्हणून गहू वाढत न्हाई — एवढं तर शेंबड्या पोराला कळंल. उजेड दिला की वाढंल. तुमची ही पट्टी माळांच्या मागं बसती, मी मापून आणलंय, सुताच्या दोऱ्यानं. वायर पाटाखालून. अत्याबाई आरतीला आल्या की बंद, गेल्या की चालू. देवीला फसवायले का? फसवायले म्हणा. तिनं तरी मला दोनदा... जाऊ द्या. देवीबद्दल बोलू नये.

हे काय काढलं? तुमीच लावलंय? ह्याच पट्टीखाली? गहूच हाय की हा.

छान हाय. हिरवागार. किती दिवसांचा? — आठ? आठ दिवसांचा अन् एवढाच? न्हाई, नाव ठेवत न्हाई मी भाऊ, जाड हाय, ताठ हाय, पण... बुटका हाय. चार बोटं. — चांगलं लक्षण हाय? कसं काय चांगलं? — हां. — हां, उजेड पोटभर मिळाला की उंच व्हायची गरज पडत न्हाई त्याला. बरोबर. अन् न्हाई मिळाला तर? — तर ताणत जातं. उजेड हुडकत. बारीक, लांब.

अन् पिवळं.

थांबा जरा. दहावीला होतं की हो हे. कुंडी खोक्यात ठेवायची, खोक्याला भोक पाडायचं — आकृती काढली होती मी, पैकीच्या पैकी मार्क घेतले अन् तिथंच सोडून दिलं. म्हणजे अत्याबाईचा घट... अंधारात वीतभर. बाया ओवाळायच्या त्याला. अन् तो बिचारा वर मान करून उजेड हुडकत होता.

मग माझ्या वेळंला कामून बुटका? देवघर तेच, माती तीच, गहू तोच. मी काय येगळं —

खिडकी.

खिडकी हाय हो देवघराला. बारकी, लाकडी. अत्याबाई कधी उघडायच्या न्हाईत, वाऱ्यानं दिवा जाईल म्हणून. मला पण बजावलंय. पण भाऊ, नऊ दिवस, धूप, तेल, दिव्याची काजळी, दार लोटलेलं — जीव घुसमटतो. हे शेतात गेले, अत्याबाई वसरीत गेल्या की मी उघडायची. दिव्याला आडोसा करायची ताटाचा अन् उघडायची. तिथून रस्ता दिसतो. गाडी जाताना दिसती. कंडक्टर दार आपटतो ते ऐकू येतं. तेवढ्यावर नऊ दिवस काढले मी, दोन्ही वर्षं. दिवेलागणीला लावून टाकायची. कुणाला कळलं न्हाई.

गव्हाला कळलं. त्याचे शेंडे सगळे तिकडंच कलले होते. अत्याबाईनं बघितलं अन् म्हणल्या, देवीनं घराकडून तोंड फिरवलं.

देवी कुठली, मीच म्हणले होते मग 'न्हाई'. दोन्ही वर्षं मीच. श्वास घेतला अन् न्हाई म्हणले.

ते ठेवा माघारी. चिपा, पट्टी, ड्रायव्हर, सगळं ठेवा. तुमचा वख्त खाल्ला लय, माफ करा. न्हाई, जाऊन सांगू शकत न्हाई मी त्यांना हे. काय सांगू? अत्याबाई, तुमचं जन्मभराचं पुण्य म्हणजे अंधार होता? चाळीस वर्षं त्या त्या पाटावर बसल्या हो. त्यांना दुसरं काय दिलं कुणी? तो वीतभर गहूच दिला. तो पण काढून घेऊ? अन् ऐकतील का त्या. म्हणतील, नोकरीपायी देवीला खोटं पाडायली.

गाडीचा आवाज आला. त्यांचीच हाय. भाऊ, रोपाचं काढू नका हं त्यांच्यासमोर.

काळा टेप असतो ना तुमच्याकडं, वायरीला गुंडाळायचा? रुंद हाय का? तो द्या. एक न्हाई, दोन द्या. फटी लय हायेत खिडकीला, चारी बाजूनं. उजेडाची एक रेघ आत न्हाई आली पाहिजे. — बिनखिडकीचं मला होईल का? होईल की. नऊ दिवस तर हायेत. अत्याबाईनं काढले, मी न्हाई काढणार?

आले बघा. — झालं का मोंढ्यातलं? न्हाई हो, काही न्हाई घेतलं, टेप हाय. आपल्या देवघराच्या खिडकीतून वारा येतो ना दिव्याला. अत्याबाई म्हणायच्याच की. बुजवून टाकते. चला.