खुर्चीच्या पाठीवरचा हात

...न्हाई, मी म्हणतो, माणसानं मागितलं काय होतं? बंगला मागितला? गाडी मागितली? दोन घास निवांत खाऊ द्या, एवढंच म्हणणं होतं त्याचं! पण आमच्या माऊलीच्या नशिबात तेबी न्हाई. माऊली म्हंजे बोरीच्या दिनकररावाचा थोरला, माझा शाळेतला जोडीदार, सध्या स्पेनात पवनचक्क्यांच्या कंपनीत. लय गरीब माणूस हो. मुंगी चावली तर मुंगीची माफी मागंल.

तर तुमाला सांगतो, स्पेनात दुपारच्याला लय न्यारा कारभार. ठरलेला एकच दर, तोबी स्वस्त, अन् त्यात आधी डाळीचं सूप, मंग मासा न्हाईतर कोंबडी, पाव पाहिजे तेवढा, वर गोड, वर कॉफी... अन् जेवण झालं की उठायचं? छ्या! बसायचं! निवांत गप्पा हाणायच्या, कुणी ऊठ म्हणत न्हाई. माऊली रोज कार्मेनबाईच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या टेबलावर. बाई न मागता त्याच्यापुढं तळलेल्या मिरच्यांची बशी ठेवायची. सगळ्या परक्या मुलखात तेवढा एक कोपरा त्याला आपला वाटायचा. फोनवर म्हणायचा, "गड्या, नोकरी गेली तर दुसरी मिळंल, हा कोपरा जाऊ नये."

अन् मंग दिनकरराव गेले की लेकाकडं!

आता दिनकररावाचं सगळं आयुष्य गेलं मानवतच्या मोंढा बाजारात, कापसाची दलाली करण्यात. दुपारचं जेवण सरजाबाईच्या खानावळीत. मोंढा भरला की तिथं जागा कशी धरतात, ठाऊक हाय ना? जेवणाऱ्याच्या मागं उभं राहायचं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा, अन् त्याच्या ताटात बघत राहायचं. हात ठेवला की खुर्ची आपली. त्यानं भात घेतला की आपण सावध. तो उठला की आपण बसायचं, उष्टं ताट पुढं ढकलायचं अन् आवाज द्यायचा, "सरजाबाई, ताट!" ह्यात कुणाला राग न्हाई. उलट हात न ठेवता लांब उभा राहील तो येडा.

झालं. माऊलीनं बापाला हॉटेलाच्या दारात उभं केलं, "अण्णा, हितंच थांबा, बाई बसवती आपल्याला," अन् गेला गाडी लावायला. दिनकरराव थांबत्यात? आत बघितलं, एक ट्रक ड्रायव्हर मासा खायलाय, मनगट म्हंजे बैलाचा खुंटा. गेले. हात ठेवला. ड्रायव्हरनं मान वळवून बघितलं, तर हे म्हणत्यात, "जेवा, जेवा. सावकाश. काट्याचं बघा." त्यानं खुर्ची पुढं ओढली, हातबी पुढं गेला. त्याच्या नरड्याखाली घास उतरंना. शेवटी तो भडकून उभा राहिला...

अन् दिनकरराव बसले! मासा ढकलला अन् वरडले, "ताट!"

अहो, त्या ड्रायव्हरनं त्यांना गचांडीला धरून उचललं ना, बोचकं उचलावं तसं! दिनकररावाच्या हाताला लागला लांबडा पाव, ते पाव न्हवं, सोटा असतो! हाणला टाळक्यात. त्यानं सुपाचं भांडं फेकलं, ते लागलं एका टकल्याला, टकल्यानं हाणला वेटर, वेटर पडला केकवर, खुर्च्या काय उडायल्यात, बशा काय फुटायल्यात! तेवढ्यात माऊली आला. "माफ करा, माफ करा" म्हणत मधी घुसला, तर ड्रायव्हरचा ठोसा नाकावर, अन् बापाचा पाव कानावर. "बापाला मारायलेत अन् तू माफी मागायलास व्हय रे?"

माऊलीचं नाक फुटलं, रगत शर्टावर... अन् कोपऱ्यात बघतो तर काय, त्याच्याच टेबलाचा पाय मोडून एकजण दुसऱ्याला बडवायलाय! मंग गेलं की डोस्कं. दोन घास निवांत खाऊ देईनात व्हय! उचलली मिरच्यांची बशी अन् भिरकावली. ड्रायव्हर खाली वाकला. बशी बसली थेट कार्मेनबाईच्या तोंडावर, मिरच्या डोळ्यात.

आंधळी बाई, हातात झारा! दोघा बापलेकांना झोडपत रस्त्यावर काढलं अन् लाल डोळ्यानं काहीतरी बोलली. खरं तर ती म्हणली होती, पुन्हा दारात दिसलास तर तंगडी मोडीन. माऊलीला तिथंच रडू आलं. बाप विचारतो, "काय म्हणायली रे?" आता म्हाताऱ्याला काय सांगावं?

"म्हणायली, पुन्हा या."

माऊली सुट्टीवर आलाय सध्या. परवा आमी सरजाबाईकडं गेलो. पोटभर जेवला, ताट सरकवलं, मागं टेकून बसला, लय दिवसांनी हसला. म्हणला, "गड्या, हितं बरं वाटायलंय." अन् तेवढ्यात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात पडला. माऊली पिसाळलाच! पितळी तांब्या उचलून गर्रकन वळला...

मागं दिनकरराव. "जेवलास ना? मंग ऊठ की."

माऊलीनं तांब्या खाली ठेवला. उठला. बापानं बूड टेकवलं, ताट ढकललं, अन् माझ्याकडं बघून म्हणत्यात कसे, "पुढच्या महिन्यात परत जायलोय ह्याच्याकडं. ती बाई एवढं बोलावती, न्हाई गेलं तर बरं दिसत न्हाई."