मोटर भरणारा साहेब

— न्हाई काका, बेअरिंग चांगली हाय, कॉइल जळालीय. जुनी तार काढून नवी गुंडाळावी लागंल, म्हंजे मोटर भरावी लागंल. बसा तिथं. काय म्हणलात — मागं आलात तवा दुकानाला कुलूप होतं? हाव, सा महिने होतं. मी साहेब झालो होतो ना. हसा, हसा. मोटर भरणाऱ्याला पोरगी कोण देतंय? सात स्थळं आली. कमाई विचारायचे, चहा प्यायचे अन् म्हणायचे, पण नोकरी न्हाई ना. मग आमची आई, नागम्मा, म्हणली, "वैजनाथ, कुठंतरी चिकट बाबा." चिकटलो. हितंच लातुरात, एका हापिसात, कंत्राटावर. पगार? दुकानाच्या निम्मा बी न्हाई. पण गळ्यात ओळखपत्र होतं — जेवताना बी काढत नव्हतो मी ते.

मग एक स्थळ आलं, शिरूर अनंतपाळचं. अंबिका नाव. मी हाताचं ग्रीस पेट्रोलनं घासून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिनं पोहे दिले, माझ्या हाताकडं बघितलं अन् इचारलं, "दुकान कुणाकडं दिलंत?" म्हणलं, बंद केलं. "का?" म्हणलं, नोकरी लागली. तर म्हणती कशी, "आमच्या बोरची मोटर तुम्हीच भरली होती. तीन उन्हाळे झाले, अजून चालती. अण्णांना मीच म्हणलं, हे स्थळ बघा." आता तिथं शान्या माणसानं काय म्हणावं? उद्याच दुकान उघडतो म्हणावं. मी काय म्हणलो — "दोन वर्षांत कायम होणार हाय मी." खोटं, काका, धडधडीत. कंत्राट महिन्यात संपणार होतं, ठावं होतं मला. ती बशा उचलून आत गेली. आठ दिवसांनी नकार. मग कंत्राट बी गेलं, अन् मी आलो हितं, गप.

तुम्ही शिरूरचेच ना? न्हाई, सहज इचारलं — पाटाच्या कडंला घर हाय त्यांचं, वळखत असाल. म्हंजे मला काय आता... पण दुकान उघडलंय, एवढं कुणी त्यांच्या कानावर घातलं तर —

काय? कवा झाला साखरपुडा?

टेम्पोवाला. सोताचा टेम्पो हाय त्याचा?

हाव. बरं झालं की. चांगलं झालं.

न्हाई, पाणी नको मला. तुम्ही जावा आता काका, पाचच्या सुमाराला या. बोलत बसलं की तारेचे वेढे चुकतेत.