गाडीतली जपानी बाई

...नाही, पण मी म्हणतो, गाडीला टीव्ही हवाच कशाला? तुम्हाला सांगतो, एल्डोरेट शहरात गाड्या विकणाऱ्या त्या सिमियूच्या आवारात जुन्या गाड्या चाळीस, आणि एकूणएक गाडीत हा एवढा स्क्रीन! "गुरुजी, यात सिनेमा दिसतो." अरे, चालवताना? "गुरुजी, यात मागचं दिसतं." मागचं! गेल्या वर्षी मेव्हण्याच्या गाडीत मागचं बघता बघता मी पुढच्या उसात घुसलो, कपाळाला पाच टाके, आणि आमच्या हिनं, नेकेसानं, तेव्हाच बजावलं, "स्क्रीनवाली गाडी दारात आली तर मी चालले माहेरी!" मला फक्त चार चाकं हवी होती हो!

शेवटी कोपऱ्यात एक सापडली. पांढरी, जपानहून आलेली, स्क्रीनबिन काही नाही, रेडिओ होता तोही मुका. घेतली!

शनिवारी मुलाच्या लग्नाची बोलणी, कितालेला, अकरा वाजता. आता आमच्या बुंगोमा गावात मामाशिवाय लग्न ठरत नाही. म्हणून आमच्या मुख्वाना मामांना पुढं बसवलं, मागं मुलगा आणि ही, हिच्या मांडीवर सोयऱ्यांसाठी कोंबडा, किल्ली फिरवली आणि... गाडी बोलली! बाईच्या आवाजात! गोड, लांबलचक, जपानीत! मी हादरलो, कोंबडा किंचाळला, आणि ही म्हणाली, "कोण ही?" अहो, मला काय माहीत कोण?

मामा मात्र शांत. "पाहुणी आहे. खुशाली विचारतेय. उत्तर दे."

"मामा, यंत्र आहे ते!"

"यंत्र इतक्या अदबीनं बोलतं?"

मी गाडी बंद करून परत चालू केली, तर पुन्हा तेच! "बघ," मामा म्हणाले, "बिचारीला दुसऱ्यांदा विचारावं लागलं."

मेकॅनिक वान्जालाला हाक मारली. तो पक्कड घेऊन आत शिरला, "ही काचेखालची डबी बोलते गुरुजी, वायर कापतो, गप्प!" झालं! मामा गाडीतून खालीच उतरले. "परक्या घरची पोर आणायला निघालात, आणि दारात आलेल्या परक्या बाईचं तोंड दाबता? मी येत नाही!"

दहा वाजत आलेले! मुलगा रडायच्या बेतात! काय करता? तीस वर्षं गणित शिकवलेला मी, त्या डबीकडे तोंड करून आमच्या बोलीतला नमस्कार घातला, "मुलेंबे, बाई. आम्ही मजेत. तुम्ही कशा आहात?" तेव्हा कुठं मामा परत बसले. फक्त चार चाकं हवी होती हो मला!

पुढं ऐका. कितालेला मुलीच्या आजीनं विचारलं, "पोर आमची बडबडी आहे. चालेल तुम्हाला?" मामा उठले. "आमच्या गाडीत एक बाई आहे. तिचं एक अक्षर कळत नाही आम्हाला. पण या बारासानं," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "तिला गप्प केलं नाही, उत्तर दिलं!" बायकांनी असा जल्लोष केला म्हणता! सोयरीक पक्की, कोंबडीतला मानाचा तुकडा मामांना.

आता वायर कापायची सोय राहिली का? रोज सकाळी ती बोलते, आणि लग्न होऊन आलेली सून, ही, मामा, सगळे एका सुरात उत्तर देतात. गेल्या आठवड्यात रस्त्याच्या कामावरच्या एका जपानी इंजिनिअरला गाडीत घेतलं, तर तो पोट धरून हसला. "डबीत जपानच्या टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच म्हणते ती!"

मी गारच पडलो. पण मामांना सांगणार कोण? त्यांनी एव्हाना तिच्याकडून काढून घेतलंय, तीन मुलं आहेत तिला, धाकट्याची बोलणी करायला मामांनी जपानला यावं असा तिचा आग्रह आहे... आणि गाडी चालवणार कोण? मीच की! फक्त चार चाकं हवी होती हो...