दुधनीच्या पाहुण्यांना उत्तर

सन्माननीय अध्यक्ष जिल्हा निरीक्षक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती तिप्पण्णा, त्यांच्या सौभाग्यवती सावित्रम्मा, आपल्या मोजणी कचेरीतले माझे सहकारी, आणि समोर बसलेल्या पाहुण्यांनो व माता-भगिनींनो,

तिप्पण्णा बढतीवर बार्शीला चालले. जवळचा मित्र म्हणून मी चार शब्द बोलावेत, अशी साहेबांची आज्ञा झाली. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस, भाषणाची सवय नाही. पण हे चार शब्द सहा वर्षांपासून तयार आहेत.

अकरा वर्षं मोजणीच्या साखळीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या. साखळी जराशी ढिली पडली की कागदावर जमीन वाढते. तिप्पण्णांनी ती कधी ढिली धरली नाही. मंद्रूपला अंबुबाईंच्या बांधाची मोजणी होती. त्यांच्या दिरानं हरभऱ्याचं पोतं आमच्या बैलगाडीत ठेवलं. तिप्पण्णा म्हणाले, “काका, उतरवा की ते. बैलांना लई जड हुतंय, अन् मला त्याहून.” सगळा बांध हसला. टाळ्या वाजवा, ही गोष्ट टाळ्यांचीच आहे.

घरंही दोन नव्हती. माझे वडील गेले तेव्हा हे माझ्याबरोबर रात्रभर बसले. सावित्रम्मांना विषमज्वर झाला तेव्हा त्यांची लेक नीलांबिका सव्वा महिना आमच्याकडे होती. माझ्या बायकोच्या, अक्कम्माच्या हातानंच जेवायची. माझी चन्नम्मा आणि ती एकाच सतरंजीवर निजायच्या.

आता आपल्याकडची एक रीत सांगतो. स्थळ पसंत पडलं की मुलाकडचे लोक मुलीच्या बापाला विचारत नाहीत, बापाच्या मित्राला विचारतात. बाप काय, चांगलंच सांगणार! सत्तर साली होटगीचं एक घर चन्नम्माला सांगून आलं. मुलगा रेल्वेत. बोलणी होत आली होती. मुलाचे वडील चौकशीला कचेरीसमोरच्या हॉटेलात आले आणि त्यांनी तिप्पण्णांना विचारलं, “पोरगी कशी हाय?”

तिप्पण्णांनी चहा ढवळला आणि म्हणाले, “ते मला इचारू नका. मी मित्र हाय त्यांचा.”

बस, एवढंच. शेजारच्या बाकावर आपला शिपाई बिरप्पा होता. तो इथंच बसला आहे, वाटल्यास त्याला विचारा.

पाहुणे पुन्हा आले नाहीत. मित्रच गप्प बसला म्हणजे काहीतरी असणार! काय असणार, ते ज्यानं त्यानं आपापल्या मनानं भरलं. कुणी फिट म्हणालं, कुणी कोड म्हणालं, काहींनी तर तोंडाला येईल ते म्हटलं. मी तिप्पण्णांना गाठलं. ते म्हणाले, “गुरपादण्णा, मी काय खोटं बोललो का?”

नाही बोलले. त्याच महिन्यात शिरस्तेदाराची जागा त्यांच्याऐवजी मला मिळाली होती. या दोन गोष्टींचा संबंध होता असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही.

चन्नम्मा आज पंचवीस वर्षांची आहे. बालवाडी चालवते. नंतर सात स्थळं आली आणि होटगीची गोष्ट कानावर पडली की परत गेली.

मी रोज सिद्धरामेश्वराला जातो. लोकांना वाटतं, भाविक माणूस, सर्वांचं भलं मागत असेल. देवासमोर मी काय मागितलं ते आज सांगतो. याच्या दारातही असाच पाहुणा येऊ दे, आणि चौकशीला तो माझ्याकडे येऊ दे. सहा वर्षं हेच मागितलं.

गेल्या सोमवारी दुधनीचे चनबसप्पा माझ्या टेबलासमोर उभे राहिले. ते पाहा, दुसऱ्या रांगेत बसलेत. म्हणाले, “शिरस्तेदार, नीलांबिका कशी हाय? आमच्या पोरासाठी इचारतोय.” मी म्हणालो, शनिवारी समारंभाला या, तिथं सांगतो.

आज सकाळी तिप्पण्णा माझ्या दारात आले. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच थांबले. “गुरपादण्णा, माझ्याकडं बगू नको. पोरीकडं बग.” मी म्हणालो, “सहा वर्षं मी माझ्या पोरीकडंच बघतोय. तू भाषण ऐकायला ये.”

ते गेल्यावर आतून चन्नम्मा बाहेर आली. म्हणाली, “अप्पा, नीलानं काय केलंय?” आणि बालवाडीला निघून गेली.

तर चनबसप्पा, ऐका. सभा साक्षीला आहे. नीलांबिका आई आजारी असताना आमच्या घरी राहिली. आठ वर्षांची पोर, पण रोज संध्याकाळी स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी बापासाठी फडक्यात बांधून ठेवायची. परवाच्या उन्हाळ्यात आमची अक्कम्मा पडली, तेव्हा न सांगता पंधरा दिवस येऊन आमची चूल हिनं सांभाळली. बापाला विचारून आली नव्हती. अंगात रोग नाही, मनात खोट नाही. मला मुलगा असता तर तुम्हाला दुधनीहून यायची वेळच आली नसती. डोळे मिटून करून घ्या.

तिप्पण्णा, मान वर करा. एवढंच सांगायचं असतं. एका श्वासात सांगून होतं.

सावित्रम्मा, रडू नका, तुमच्यावर माझा राग नाही. आणि टाळ्या कुणी वाजवू नका. मी उदार झालेलो नाही. मी जर गप्प बसलो असतो, तर तिप्पण्णा आणि मी आज बरोबरीचे झालो असतो. ती बरोबरी मला त्यांना द्यायची नव्हती. लग्नाची पहिली पत्रिका ते मला घेऊन येतील. मी चन्नम्माला घेऊन मांडवात पुढं बसेन, अक्षता टाकेन आणि पोटभर जेवेन. वाढायला तिप्पण्णांनी स्वतः यावं.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिलं आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. तिप्पण्णांची मात्र मी क्षमा मागत नाही, आणि त्यांनीही ती माझ्याकडे मागू नये. माझ्याकडे ती नाही. मागायचीच असेल तर चन्नम्मा बालवाडी सुटल्यावर साडेअकराला घरी येते. बार्शीची गाडी दुपारी दोनची आहे.

नमस्कार.