पडताळणी पूर्ण होईपर्यंत

नाव: ठाण्याच्या नोंदीप्रमाणे. गल्लीत ‘प्रूफवाल्या काकू’ म्हणून ओळखतात.
वय: ६४ वर्षे. व्यवसाय: मुद्रितशोधन, घरी बसून.
शिक्षण: इयत्ता चौथी. पुढचे घरी.
राहणार: छापखान्याच्या मागची दुमजली इमारत, वरचा मजला, जिन्याला लागून असलेली खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे:

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगी व जावई दुसऱ्या गावी असतात. शिक्षण चौथी सांगितल्यावर जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी अंगठ्याचा पॅड पुढे सरकवला. मी तो मागे सरकवला.

माझे पती मुद्रितशोधक होते. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद सगळे तोंडाने म्हणायचे; दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचे. लग्न झाले तेव्हा मला अडखळत वाचता येत होते. पती वाचायचे आणि मी बोट ठेवायचे. असे पस्तीस वर्षे चालले. मी जी काही शिकले ती अशी शिकले. विहिरीच्या पंपाचे माहितीपत्रक, गणिताची गाइडे, दोन आत्मचरित्रे आणि पुष्कळ रहस्यकथा माझ्या वाचनात आहेत.

शेवटची दोन वर्षे पतींना सकाळीच काय तो दम असायचा आणि सकाळी मला घरकाम असायचे. म्हणून ते सकाळी संगणकावर वाचून ठेवत आणि मी दुपारी ऐकून प्रूफ तपासत असे. अशी दोनशे बारा ध्वनिमुद्रणे त्या संगणकात आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत. या प्रकरणाचे मूळ हे आहे.

संगणक अकरा वर्षांचा आहे. मागील वर्षापासून तो सुरू व्हायला बावीस मिनिटे घेतो. हे मी भिंतीवरच्या घड्याळावर मोजले आहे. तेवढ्या वेळात माझी वेणी, पाणी भरणे आणि केर होतो. गेल्या महिन्यापासून तो मध्येच कुरकुरल्यासारखा आवाज करून थांबू लागला. पतींचा आवाज शब्दाच्या मधोमध अडकायचा. मला भीती वाटली. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

मी जावयांना फोन केला. ते म्हणाले, “आई, एक सफाईचा प्रोग्रॅम पाठवतो. फुकट आहे. बटण दाबा की झालं.” मी बटण दाबले. त्या प्रोग्रॅमने संगणकात चार हजार तीनशे बारा दोष असल्याचे लाल अक्षरांत सांगितले आणि ते दुरुस्त करायचे तर पैसे भरा असे सांगितले. मी त्या कंपनीला पत्र लिहिले की दोषांची यादी पान व ओळ क्रमांकासह पाठवावी. आमच्या कामात चूक दाखवली तर जागा दाखवावी लागते. नुसता आकडा सांगणाऱ्याला छापखान्यात कोणी उभे करत नाही. उत्तर आले नाही.

त्यानंतर माझे धाकटे दीर घरी आले. ते म्हणाले, “वहिनी, फुकटचं औषध घेऊन ताप वाढवलात. माझ्याकडे चांगला प्रोग्रॅम आहे.” त्यांनी दुसरा सफाईचा प्रोग्रॅम बसवला. दुसऱ्याने पहिल्याला घातक ठरवले. पहिल्याने दुसऱ्यामुळे दोष एकशे एकोणीसने वाढल्याचे कळवले. दोघे दिवसभर एकमेकांना झाडत बसायचे आणि मधल्या मधे संगणक सुरू व्हायला एकतीस मिनिटे लागू लागली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे मी दिरांना म्हटले. ते म्हणाले, “मग तिसरा टाकून बघू?” मी त्यांना चहा देऊन वाटेला लावले.

मग मी स्वतः लक्ष घातले. वाचनालयातून संगणकावरची मासिके आणली आणि वहीत रकाने आखले. सफाईला मरू दे, आधी बॅकअप म्हणजे दुसरी प्रत झाली पाहिजे, हे तीन मासिकांत वाचून पटले. बॅकअपचे चार प्रोग्रॅम निवडून मी चौघांचे करारनामे वाचले. सगळ्यांत मोठा एक्केचाळीस पानांचा होता. ही पाने कोणी वाचत नाही असे तक्रारदार, म्हणजे संगणक दुरुस्तीवाले, मला नंतर म्हणाले. मी वाचली. चारही करारनाम्यांत लिहिले आहे की तुमचे काही हरवले तर कंपनी जबाबदार नाही. घर राखायला ठेवलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी ‘चोरी झाली तर मला विचारू नका’ असे लिहून घ्यावे, तसे हे आहे. पण चौघेही तसेच निघाल्यावर त्यावरून निवड करता येईना.

एक प्रोग्रॅम प्रत दूर कुठेतरी ठेवतो असे कळले. मी फोन करून विचारले, “कुठल्या गावी?” तिकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, तसं गाव नसतं.” मी तो रकाना खोडला. राहिलेल्या तिघांपैकी एकच प्रोग्रॅम असा होता, की प्रत केल्यावर तो मूळ आणि प्रत शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहतो. त्याला त्यांनी पडताळणी म्हटले आहे. ताडून पाहिल्याशिवाय प्रत ही प्रत नसते, नुसता कागद असतो. मी तो प्रोग्रॅम घेतला आणि एक नवी बाहेरची हार्ड डिस्क घेतली.

प्रोग्रॅम मला बसवता येईना, म्हणून गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातील संगणक दुरुस्तीवाल्यांना बोलावले. तेच या प्रकरणातील तक्रारदार आहेत. माझे त्यांच्याशी पूर्वीचे वैर नाही. ते दहा वाजून चाळीस मिनिटांनी आले. संगणक पाहून म्हणाले, “काकू, हा म्हातारा झालाय. फॉरमॅट मारतो. सगळं पुसून नव्यानं भरतो. हरणासारखा पळेल.”

मी म्हटले, “आधी प्रत. मग पडताळणी. पळायचं नंतर.”

ते म्हणाले, “बरं.”

त्यांनी दोन्ही सफाईचे प्रोग्रॅम काढले व माझा प्रोग्रॅम बसवला. प्रोग्रॅमने सहा तास लागतील असे सांगितले, मग चौदा, मग तीन. तक्रारदार म्हणाले, “त्याचं काही मनावर घेऊ नका, तो अंदाजपंचे बोलतो.” बारा वाजता त्यांना दुसरीकडे जायचे होते. वेळ वाचावा म्हणून त्यांनी पडताळणीवरची खूण काढली. मी ती परत करायला लावली. मग ते फायलींची यादी पाहू लागले व म्हणाले, “काकू, ही एकशे सत्त्याऐंशी नंबरची रिकामी आहे. मी ऐकून पाहिलं. यात काही नाही. उडवतो.”

त्या वेळी त्यांचे बोट बटणावर होते.

या ध्वनिमुद्रणात काय आहे, असे मला इथे विचारण्यात आले. त्यात माझे पती अकरा मिनिटे वीस सेकंद काही बोलत नाहीत. पंख्याचा आवाज आहे. एकदा खुर्ची वाजते. फायलींना नंबर विषयवार दिलेले आहेत, तारखेने नाहीत. तारखेने लावल्यास हे शेवटचे आहे.

मी तक्रारदारांना बोट काढण्यास सांगितले. त्यांनी काढले. मग मी उठून खोलीच्या दाराला आतून कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली आणि दाराला खुर्ची लावून बसले. मी म्हटले, “पडताळणी पूर्ण होईपर्यंत दार उघडणार नाही.” तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. तक्रारीत ‘कोंडून ठेवले’ असे आहे. मी स्वतःही आतच होते, तेव्हा कोंडले असेल तर आम्हां दोघांना कोंडले, एवढी दुरुस्ती मी सुचवली. साहेबांनी ती घेतली नाही.

तक्रारदारांनी मला पुष्कळ समजावले. “अहो काकू, मला तीन गिऱ्हाइकं आहेत.” मी म्हटले, मला दोनशे बारा आहेत. ते म्हणाले, “मी पोलिसांना बोलावीन हं.” मी म्हटले, बोलवा. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पत्ता सांगताना ते इमारत तीनमजली म्हणाले. दोनमजली आहे, असे मी मागून सांगितले. नाहीतर पोलीस छापखान्याच्या पुढच्या इमारतीत गेले असते. फोनवरच्या माणसाने विचारले की आरोपीकडे शस्त्र आहे काय. तक्रारदार माझ्याकडे पाहून म्हणाले, “लाल पेन आहे.” हे खरे आहे. माझ्या हातात प्रूफ होते.

पोलीस येईपर्यंत मी तक्रारदारांना जेवायला वाढले. स्वयंपाकाचा ओटा व मोरी त्याच खोलीत आहे, त्यामुळे कुलूप काढण्याची गरज पडली नाही. ते पोटभर जेवले. जेवल्यावर करायला काही नव्हते. प्रत तयार होत होती आणि त्यांना तिथून हलता येत नव्हते. ज्या फायली तयार झाल्या त्या सुरू होतात का, हे बघा असे मी त्यांना सांगितले. त्यांनी हेडफोन लावले. पहिल्या दहा फायली त्यांनी दोन-दोन सेकंद ऐकल्या. अठ्ठावन्न नंबरला ते थांबले. ती दीपस्तंभावरच्या खुनाची रहस्यकथा आहे. तिची एकंदर सहा ध्वनिमुद्रणे आहेत.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “काकू, हे काका प्रत्येक वाक्याला पूर्णविराम का म्हणतात?”

मी सांगितले.

ते म्हणाले, “आणि मधेच ‘अगं, लेखकाला पोहता येत नाही वाटतं, भरतीच्या वेळी होडी उलटी नेलीय, तसंच राहू दे’ असं म्हणाले.”

मी म्हटले, होय, तसे ते म्हणत.

यानंतर तक्रारदारांनी घरी जाण्याची मागणी केली नाही. दोन पोलीस तीन वाजून दहा मिनिटांनी आले. त्यांनी दार ठोठावले व आत कोणाला धोका आहे काय असे विचारले. मी उठून कुलूप काढू लागले. तेव्हा तक्रारदार हात वर करून ओरडले, “थांबा जरा, बायको नाहीये खुनी!” बाहेरच्या हवालदारांनी हे वाक्य वहीत लिहून घेतले. ते तपासाच्या कामाचे नाही असे माझे म्हणणे आहे.

मी दार उघडले. पोलिसांनी तक्रारदारांना बाहेर येण्यास सांगितले. ते म्हणाले, पडताळणी एक्क्याण्णव टक्के झाली आहे, मधेच थांबली तर पहिल्यापासून करावी लागेल. हे खरे आहे; करारनाम्याच्या चौदाव्या पानावर आहे. पोलीस जिन्यात बसले. मी त्यांना चहा दिला. चार वाजून बावन्न मिनिटांनी पडद्यावर अक्षरे आली. तक्रारदारांनी ती मोठ्याने वाचली: दोनशे बारापैकी दोनशे बारा जुळल्या. मी ती स्वतः उठून वाचली. मग मी एकशे सत्त्याऐंशी नंबर लावायला सांगितले आणि अकरा मिनिटे वीस सेकंद पूर्ण ऐकले. तक्रारदारांनी मधे एकदा पंखा बंद केला, म्हणजे आतला पंखा नीट ऐकू यावा.

त्यानंतर आम्ही चौघे ठाण्यात आलो. भांडण डिस्कवरून झाले म्हणून पोलिसांनी डिस्क सोबत आणून मुद्देमाल म्हणून लावली आणि मला पावती दिली. पावतीवर रंग, लांबी, रुंदी व तारीख आहे.

तक्रारदार आत्ता समोरच्या बाकावर बसले आहेत. ते तक्रार मागे घेतो म्हणत आहेत. साहेब मला म्हणाले, “चला, मिटलं. घ्या काकू तुमची डिस्क आणि घरी जा.”

मी विचारले, तक्रार मागे घेतली नाही तर डिस्क कुठे राहील. साहेब म्हणाले, “मुद्देमालाच्या खोलीत. लोखंडी कपाटात.” कुलूप आहे का, विचारले. आहे. पहारा? रात्रंदिवस. ओल? नाही. कोणी फाइल रिकामी म्हणून उडवू शकतो का? साहेब म्हणाले, “कोर्टाच्या हुकमाशिवाय त्या कपाटातल्या वस्तूला मीसुद्धा हात लावू शकत नाही.”

बॅकअपवाले सगळे एक गोष्ट सांगतात, की दुसरी प्रत त्याच घरात ठेवू नये. घराला काही झाले तर दोन्ही जातात. ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. मला दुसरी इमारत नाही. दिरांच्या घरी ओल आहे आणि दीर आहेत. मुलगी पुढच्या महिन्यात येऊन एक प्रत घेऊन जाणार आहे. तोपर्यंत या गावात ठाण्याइतकी चांगली जागा मी वहीत सगळे रकाने आखूनही शोधू शकले नसते.

म्हणून माझी विनंती आहे की तक्रारदारांनी तक्रार मागे घेऊ नये. मी हे त्यांना समक्ष सांगितले. ते म्हणाले, “काकू, अहो मी तुमच्यावर केस ठेवू?” मी म्हटले, ठेवा. महिनाभर ठेवा. त्यांनी विचार करून विचारले की रहस्यकथेची राहिलेली चार ध्वनिमुद्रणे ऐकायला रविवारी घरी आले तर चालेल काय. तक्रार चालू असताना फिर्यादीने आरोपीच्या घरी जाऊ नये, असे साहेब म्हणाले. तक्रारदार रविवारी येणार आहेत.

दार मी बंद केले. किल्ली माझ्याकडे होती. मला कबूल आहे.

हवालदारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. मी तो बोट ठेवून ताडून पाहिला. मी सांगितले तसाच आहे. याची एक प्रत मला द्यावी व एक डिस्कजवळ कपाटात ठेवावी.

सही
(अंगठा नाही)