बागेतला माझा पुतळा

तुम्ही हसाल, पण माझी निवड माझ्यामुळे झाली की बाबांमुळे, हे मला अजून कळलेलं नाही.

जंगलात महिनाभर राहून काम करायची एक आर्टिस्ट रेसिडेन्सी होती. तिच्या अर्जासाठी मी हातखंब्याच्या आमच्या आंब्याच्या बागेत लाल मातीचा स्वतःचाच पुतळा केला. चांगला माझ्याएवढा उंच, नारळाच्या सोडणाचे केस लावलेला. फोटो पाठवले, आणि व्हिडिओ कॉलवर मुलाखत ठरली. मागे पुतळा दिसावा म्हणून मी बागेतच बसले.

निवड करणाऱ्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या कामाचा आजूबाजूच्या निसर्गावर काय परिणाम होतो?"

आठवडाभर पाठ केलेलं उत्तर मी सुरू करणार, तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "हा उभा केल्यापासून एक वानर बागेत फिरकलेला नाय. बुजगावणी लावली, फटाके फोडले, काय उपयोग झाला नाय. हिचं तोंड बघितलं नि पळाले."

मी ओरडले, "बाबा, तो माझा पुतळा आहे!"

"मग? हुबेहूब जमलाय."

बाई इतक्या हसल्या की त्यांचा फोनच आडवा पडला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "निवड झाली असं समजा. पुढच्या महिन्यात या, आणि पुतळाही घेऊन या."

बाबांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"बाई, पोरीला हवं तर उद्या न्या. पुतळा आंबा उतरल्याशिवाय मिळायचा नाय."