एकशे अठरा नंबरचा दिवा

(खाणीच्या कचेरीतली नोंदवह्यांची खोली, दुपारची वेळ. दिवाखोली सांभाळणारी मावशी, आणि जुन्या वह्या संगणकात चढवायला आलेली मुलगी.)

मुलगी : नाही हो मावशी. परत शून्य.

मावशी : शून्य कसं? एकतीस माणसं गेली त्या दिवशीच्या अपघातात.

मुलगी : मी कुठे नाही म्हणतेय! मशीनला विचारलेली क्वेरी तर साधी आहे. खाली जाताना ज्यांनी दिवा घेतला त्यांच्या बिल्ल्यांचे नंबर काढ, त्यांतले दिवा परत केलेल्यांत कोण नाहीत ते दाखव. आणि ही म्हणते, तसं कुणीच नाही.

मावशी : म्हणजे सगळे वर आले म्हणते?

मुलगी : तसंच समजा.

मावशी : देवा रे! तेवीस वर्षांनी इतकं गोड कुणीतरी बोललं, आणि तेही या डब्याने.

मुलगी : थट्टा पुरे. पाच वाजता यादी पाथरवटाकडे जायचीय. स्मारकाच्या दगडावर एकदा छिन्नी चालली की खाडाखोड नाही.

मावशी : थट्टा नाही गं.

मुलगी : थांबा, कोरी चौकट राहिलीय का बघते... आहे! परत केलेल्यांत, एकच. दिवा एकशे अठरा, बिल्ल्याचा रकाना कोरा.

मावशी : ...कोरा असला म्हणून काय झालं?

मुलगी : कोरा म्हणजे शून्य नव्हे, मावशी. कोरा म्हणजे ‘माहीत नाही’. आपण मशीनला विचारतो, अमक्याचा बिल्ला परत आलेल्यांत नाही ना? ते एकेका नोंदीशी ताडून बघतं. कोऱ्या चौकटीपाशी आलं की अडतं. म्हणतं, कोण जाणे, हाच असेल! मग छातीठोकपणे ‘नाही आला’ म्हणतच नाही. एकाबद्दल नाही, कुणाबद्दलच नाही.

मावशी : एका कोऱ्या चौकटीने एकतीस जण झाकले?

मुलगी : झाकले. नवशिके हमखास इथेच आपटतात. मी शिकूनसवरून आपटले! आता कोरी नोंद सोडून दे म्हणते... हे बघा. एकतीस. मोजून घ्या.

मावशी : मोजायचे कसले? रोज सकाळी पहिला दिवा देण्याआधी एकेकाचं नाव घेऊन हात जोडते. पाठ आहेत.

मुलगी : मग पाठवू?

मावशी : पाठव.

मुलगी : एक सांगाल? या नोंदीत वेळ आहे चार वाजून दहा मिनिटं. खाणीचं तोंड तर दोनलाच बंद केलं होतं ना?

मावशी : हो.

मुलगी : मग दोन तासांनी दिवा घेऊन वर आलं कोण? अंगावर काटा आला बघा. म्हणून का कामगार त्या खुंटीला हात लावत नाहीत? म्हणतात, एकशे अठरा आपला आपण मिणमिणतो.

मावशी : मिणमिणतोय कसला! खुंटीवरचा दिवा तो नव्हेच. अडगळीतला आहे. नंबर मी ठोकला त्याच्यावर.

मुलगी : तुम्ही?

मावशी : वहीतलं अक्षर बघ. माझंच आहे.

मुलगी : मावशी...

मावशी : माझा धाकटा भाऊ. मुकादमाशी भांडला म्हणून तीन दिवस घरी बसवलेला, बिल्ला काढून घेतलेला. त्याच्या मित्राचा जोडीदार तापाने पडला. हा आला खिडकीशी. ‘आक्का, तो एकटा कसा जाईल? दे ना दिवा.’ बिल्ल्याशिवाय दिवा नाही, एवढा एकच नियम माझ्या खोलीचा. दिला. वहीत बिल्ला लिहिला नाही.

मुलगी : आणि दुपारी...

मावशी : दुपारी त्याच खिडकीशी आई आली. ‘आपला नव्हता ना गं खाली?’ तोंडातून निघून गेलं, होता, पण वर आला, दिवा देऊन कुठेतरी गेला. मग ते खरं करायला वही उघडली, दिवा परत आला असं लिहिलं.

मुलगी : लोक म्हणतात, तो पळून गेला.

मावशी : लोकांचं सोड. आई तेवीस वर्षं दाराला कडी लावत नाही. वाऱ्याने दार वाजलं की मला हलवते, ‘ऊठ, आला.’ आणि मी उठते गं. दर वेळी उठते.

मुलगी : एकतीसचीच यादी गेली तर कुणाला कळणार नाही. ती नोंद मी सोडून दिलीय.

मावशी : सोडूनच तर देत आलेय. पुसता येते का?

मुलगी : येते. पण तेवढ्याने भागणार नाही. खाली गेलेल्यांतही त्याची चौकट कोरी आहे. तिथे बिल्ला लिहिल्याशिवाय क्वेरीला तो दिसायचा नाही. आणि त्यासाठी तुमचा जबाब लागेल, सहीनिशी. नोकरीवर येईल, मावशी.

मावशी : येऊ दे. बिल्ला दोनशे सहा. लिही.

मुलगी : लिहिला. आता चार-दहाची नोंद पुसते.

मावशी : थांब. लिहिली मी, पुसणार मी. कुठलं बटण?

मुलगी : हे.

मावशी : ...किती आले?

मुलगी : बत्तीस.

मावशी : पाथरवटाला सांग, नाव तळाशी नको. मित्राच्या शेजारी घाल. जोडीने गेले होते.

मुलगी : सांगते. अहो, पण तुम्ही निघालात कुठे? पाळी सुटायला वेळ आहे.

मावशी : घरी. आईजवळ बसते जरा. आणि आज कडी लावायचीय.